पाकीट मोबाइलमधलं

पैसे खर्च करणं इतकं सोपं कधीच नव्हतं, मंडळी! चहाच्या टपरीवर क्यूआर कोड, रिक्षात क्यूआर कोड, मंडईत कोथिंबिरीच्या जुडीशेजारी क्यूआर कोड. २०१६च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली आणि बघता बघता आपण सगळे ‘स्कॅन करू का?’ विचारायला लागलो. सुट्ट्या पैशांची कटकट संपली, त्याबद्दल आपण तर बुवा जाम खूश. पण सुट्ट्यांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पाकिटातून पाचशेची नोट काढताना आत कुठेतरी बारीकसं टोचायचं ना, ते!

हे टोचणं फार कामाचं असतं. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या प्रेलेक आणि सिमेस्टर या दोन प्राध्यापकांचा एक मस्त प्रयोग २००१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एमबीएच्या विद्यार्थ्यांना बास्केटबॉल मॅचच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तिकिटं तीच, मॅच तीच. फरक फक्त पैसे हातातून जाताना दिसणार की नाही, एवढाच.

आता माझा मुद्दा. मी २९ वर्षांची, हिंजवडीत नोकरी, पगार बरा, कर्ज नाही. म्हणजे तसं टेन्शन काहीच नाही. पण मला दोन वर्षं नोकरी सोडून मानसशास्त्रात एमए करायचंय, फुलटाइम. त्यासाठी आठ लाख हवेत. बाबा रिटायर झालेत, त्यांच्याकडे मागायचे नाहीत हे पक्कं. त्यामुळे महिन्याला किती पैसे शिल्लक राहतात, यावर माझी पुढची दोन वर्षं अवलंबून आहेत.

फंडा सापडला तो आईच्या कपाटात. आई शाळेत शिक्षिका होती. पगार झाला की ती पाकिटं भरायची. दूध, वाणी, गॅस, फी, गणपती. वाण्याच्या पाकिटातले पैसे संपले की त्या महिन्यात काजूकतली बंद! रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने अशा मनातल्या हिशेबांचा अभ्यास केला. त्याला २०१७मध्ये नोबेल मिळालं. आईला अजून काही मिळालेलं नाही.

मी तेच पाकीट मोबाइलमध्ये केलं. एक वेगळं बचत खातं उघडलं आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलं. पगार दुसरीकडे जमा होतो. दर सोमवारी सकाळी तिथून अडीच हजार रुपये आपोआप या खात्यात येतात. भाजी, रिक्षा, कॉफी, सिनेमा, सगळं त्यातच. आईला दाखवलं तर म्हणाली, “अगं, हे तर पाकीटच झालं की! फक्त वर नाव लिहायचं राहिलं.” मग तिच्यासमोरच त्या खात्याला ‘वाणी’ असं टोपणनाव दिलं.

दुसरी गोष्ट पिनची. यूपीआय लाइट आलं २०२२मध्ये. त्यात छोट्या रकमांसाठी पिन टाकावा लागत नाही. घाईच्या माणसाला सॉलिड सोय आहे. मी मात्र ते बंद ठेवलंय. पिनचे आकडे टाकायला तीन-चार सेकंद लागतात. ‘खरंच हवंय का?’ एवढं विचारायला तेवढे पुरतात.

तिसरी गोष्ट नोटिफिकेशनची. जेवण आणि शॉपिंगच्या अॅप्सची सगळी बंद, बँकेचे मेसेज सगळे चालू. रात्री अकराला काही आवडलंच तर कार्टमध्ये टाकते आणि रविवारी सकाळी चहा घेताना बघते. ‘फक्त दोनच उरलेत’ या ओळीला घाबरायचं नाही. असली खोटी घाई करणं, कार्टमध्ये गुपचूप जास्तीची वस्तू घालणं अशा १३ क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये बंदी घातली. तरी आपले डोळे आपणच उघडे ठेवलेले बरे.

आणि हो, सबस्क्रिप्शन! ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं. तो मेसेज आपण न वाचता पुसून टाकतो. मी तो आला की स्वतःला एकच प्रश्न विचारते, ‘गेल्या महिन्यात हे किती वेळा उघडलं?’ शून्य असेल तर लगेच रद्द.

सगळ्यात अवघड काय असेल, तर शुक्रवार. ऑफिसचा ग्रुप म्हणतो, “चल ना यार, बिल स्प्लिट करू.” तिथे कुठलंच सेटिंग कामाला येत नाही. सुरुवातीला दोनदा ‘बरं वाटत नाहीये’ म्हटलं. मग खरं सांगून टाकलं, “या आठवड्यात तीनशेच उरलेत, टपरीवर चहा प्यायचा का?” दोघं हसले, पण तिघं आले. त्यातली एक खाली उतरताना हळूच म्हणाली, “मला पण परवडत नव्हतं गं.” आता महिन्यातला एक शुक्रवार टपरीचाच असतो.

आठ लाखांपैकी तीन लाख ४० हजार जमलेत. अजून बराच पल्ला आहे. पण एमएची तारीख आता कॅलेंडरवर लिहिता येतेय.

तुमचं एमए कदाचित घराचं डिपॉझिट असेल, बुलेट असेल, नाहीतर आई-बाबांची युरोप टूर. या रविवारी अर्धा तास काढा आणि मोबाइलची सेटिंग्ज उघडून बसा. सोमवारी तुमच्या पाकिटात किती पैसे असावेत, हे तुम्हीच ठरवा. नाहीतर तुमच्या वतीने ते ठरवायला बरेच जण पगारावर बसलेत!