शेजाऱ्याची खबरबात

मी लिनक्सच्या कर्नलमध्ये काम करतो, असे सांगितल्यापासून आमच्या आत्याबाई मला लष्करातला माणूस समजतात. संगणकाच्या कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात हे त्यांना पटवण्यापेक्षा सीमेवर जाऊन येणे सोपे, म्हणून मीही गप्प बसतो.

या कर्नलजवळ शेजाऱ्यांची एक यादी असते. कुठला आयपी पत्ता कुठल्या नेटवर्क कार्डाचा, हे विचारण्याची रीत १९८२ साली ठरली. तिचे नाव एआरपी. ‘अमुक पत्ता कोणाचा हो?’ अशी साऱ्या आळीत हाळी द्यायची. ज्याचा असेल तो ‘माझा’ म्हणतो. ते टिपून ठेवायचे. ही नोंद १५ ते ४५ सेकंद ताजी, पुढे शिळी. शिळी नोंद वापरलीच, तर ५ सेकंद थांबून कर्नल विचारतो, ‘आहात ना?’ तीनदा विचारूनही उत्तर नाही, तर नोंद बाद.

आमच्या एका यंत्रात मात्र नोंदी शिळ्याच होईनात! पलीकडचे कार्ड कधीच बदललेले, आणि आमचे यंत्र इमानाने जुन्याच कार्डाला पाकिटे धाडते आहे. आठ दिवस डोके खाजवल्यावर दोष एका ओळीत सापडला. उत्तर आले की नोंद ताजी करायची, ती ही ओळ पाकीट निघाले की करत होती. आपण बोललो, म्हणजे समोरच्याने ऐकले! ओळ अर्थातच माझी. गुपचूप उचलली आणि योग्य जागी ठेवली.

रात्री हा पराक्रम हिला ऐकवला. ही म्हणाली, “म्हणजे तुमचं आणि शिऱ्याभावजींचं!”

“छे! दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतो मी त्याला.”

“उत्तर कधी आलं होतं शेवटचं?”

मोबाइल पाहिला. चार वर्षांपूर्वी. फोन लावला, तर अनोळखी बाई म्हणाल्या, “चकल्यांचे फोटो पाठवणारे तुम्हीच का? छान असतात हो!”

मग मित्रमंडळींत हाळी दिली. तिसऱ्याकडे नंबर मिळाला.

“अरे, मधे बायपास झाली माझी,” शिऱ्या म्हणाला. “तुला कळवलं होतं की!”

“कुठे?”

त्याने नंबर सांगितला. माझाच, पण जुना.

आता दर रविवारी मी त्याला विचारतो, “आहेस ना?” तीनदा विचारायची वेळ तो अजून येऊ देत नाही.