पैशासाठी खेळत नव्हता तो

माझ्या रूममेटला हॉस्टेलमधून काढलं तेव्हा जो तो म्हणत होता, हाव सुटली त्याला. रेक्टर सर म्हणाले, वर्गातली पोरं म्हणाली, त्याचे सख्खे मामासुद्धा म्हणाले. मला अजून त्या बोलण्याचा राग येतो, कारण रात्री समोरच्या कॉटवर बसून मी जे पाहिलं त्यात हाव कुठेच नव्हती.

पुण्यात इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, तो परभणीकडचा, घरी कोरडवाहू शेती. आयपीएलच्या टीम लावता लावता तो विमानाच्या खेळावर गेला. स्क्रीनवर एक विमान चढत जातं, तसा आकडा वाढतो: सव्वापट, दीडपट, दुप्पट. ते उडून जायच्या आत बटण दाबलं तर तेवढ्या पटीत पैसे, नाहीतर लावलेले गेले. काही सेकंदांत डाव संपतो, लगेच पुढचा सुरू.

घरून पैसे आले म्हणून तो कधी खेळायला बसला नाही. घरून फोन आला की बसायचा. बोअरला पाणी लागलं नाही, बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं, अशा रात्री हमखास. व्हायवात सगळ्यांसमोर अपमान झाला त्या दिवशी जेवलाही नाही. भिंतीला टेकून नखं कुरतडत बसला होता, खांदे कानापर्यंत आवळलेले. विमान चढायला लागलं आणि ते खांदे हळूहळू खाली आले. जिंकल्यावरही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. आलेले पैसे तसेच पुढच्या डावात. ‘तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही येत नाही रे,’ एवढंच म्हणाला. मात्र नापास झालेल्या विषयाची केटी सुटली त्या रात्रीही तो खेळला, तेव्हा आनंदही त्याला झेपत नव्हता की काय, हे मला नीट कळलेलं नाही.

पुढचं ठरलेलंच. गेलेले काढायचे म्हणून आणखी लावायचे, मग लोन ॲप, मग मित्रांकडून उसने. वसुलीवाल्यांनी वर्गातल्या मुलांना फोन लावले तेव्हा कॉलेजला जाग आली.

वडिलांना बोलावून घेतलं. रात्रभर एसटीने आलेला माणूस, हातात पिशवी. रेक्टर सरांच्या केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा कुणी म्हटलं नाही. मी दाराशीच होतो. पाऊण तास ते उभे. ‘माझ्या मुलाने संस्थेची बदनामी केली’ असं त्यांच्याकडून लिहून घेतलं. सही करताना काकांनी विचारलं, ‘सर, डॉक्टरला दाखवू का याला?’ सर म्हणाले, ‘डॉक्टर काय करणार? संस्कार लागतात.’ काकांनी मान डोलावली. मला ते मान डोलावणं सहन झालं नाही. त्याच इमारतीत समुपदेशन कक्षाची पाटी होती आणि दाराला कायम कुलूप. त्याच हॉस्टेलच्या टीव्हीवर नामवंत क्रिकेटपटू आम्हाला टीम लावायला सांगायचे, आणि सवय लागू शकते हे शेवटी घाईघाईत म्हटलं जायचं.

काकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 सालच्या निदानपुस्तिकेत जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्या पंगतीला बसवला. त्याच्या नऊ लक्षणांपैकी एक असं, की माणूस अस्वस्थ, हताश किंवा अपराधी वाटत असताना बरेचदा खेळतो. हे वाचलं तेव्हा समोर तो आणि त्याचे खांदेच आले. असं कुणी आसपास असेल तर हिशेब मागण्याआधी आज काय झालं ते विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आम्हाला तो कुणी सांगितला नव्हता.

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तेव्हा मी आनंदाने त्याला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं. मग म्हणाला, झोप मात्र अजून लागत नाही, आणि टेलिग्रामवर लिंक येतच असतात. बंदी हवीच, यावर मी ठाम आहे. तरी तो फोन ठेवल्यावर माझा आनंद टिकला नाही.

त्याच्याकडे माझेही पैसे अडकलेत. ते मागायचे नाहीत असं मी ठरवलं होतं. गेल्या महिन्यात मागितले. धाकट्या बहिणीची फी भरायची होती, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा रागही आला होता. त्याने निम्मे पाठवले. कुठून आणले, हे मी विचारलं नाही.