मागच्या ट्रॉलीचा दिवा

दसरा झाला की माझ्या दुकानापुढे ट्रॉल्या लागायला सुरुवात होते. दुकान नेवासे तालुक्यात, सोनई-घोडेगाव रस्त्याला. एकीकडे सोनईचा मुळा कारखाना, दुसरीकडे भेंड्याचा ज्ञानेश्वर. गाळप सुरू व्हायच्या आत ज्याला त्याला आपली ट्रॉली रस्त्यावर हवी असते. पावसाळाभर बांधावर उभ्या असलेल्या ट्रॉलीचं एखादं टायर बसलेलं असतं, फाळक्यावर वेल चढलेला असतो आणि मालकाची एकच मागणी असते. "मिस्त्री, हूक असा करा, ट्रॅक्टर मोडला तरी हूक मोडला नाय पाहिजे."

मी म्हणतो, बरं. पण हूक न मोडता ट्रॅक्टर मोडला, तर पैसे कुणाचे जास्त जातील याचा हिशोब त्याला घालत बसत नाही. तीस वर्षांत हजारभर तरी कड्या ओढून, घासून, बदलून दिल्या असतील. "मागच्या ट्रॉलीचा दिवा नीट लागेल असं करा" म्हणत आलेलं गिऱ्हाईक एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

आमचा धंदा कडीचा आणि शेजारचं गाव शनिशिंगणापूर, जिथं घरांना कडीच काय, दारंसुद्धा नसण्याची रीत. परगावचा कुणी चहाला थांबला की हा विनोद होतोच. मीही दर वेळी हसतो.

कडी म्हणजे ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाचं भोक. ते ट्रॅक्टरच्या हुकाच्या दोन पाकळ्यांमध्ये जातं, वरून पिन उतरते, पिनेला खालून लॉक. एवढंच. पण ट्रॉली आली की मी आधी टायर बघत नाही, वेल्डिंग बघत नाही. पिन काढून कडीत बोट घालतो आणि आतून फिरवतो. नव्या कडीचं भोक गोल असतं. दोन हंगाम पळालेल्या कडीचं भोक अंड्यासारखं लांबतं आणि ज्या बाजूनं ओढ बसते तिथं लोखंड आरशासारखं चकाकतं. त्या चकाकीच्या कडेला नखाला लागेल अशी धार आलेली असते. व्हर्नियर लावायच्या आधीच बोटाला कळतं की इथं पाच-सहा मिलिमीटर गेलंय. पिन बघावी तर तीही मधे कंबर आवळल्यासारखी झिजलेली. दोघांची झीज मिळून जो मोकळा भाग होतो त्याला आम्ही प्ले म्हणतो. ड्रायव्हरनं क्लच सोडला की आधी 'ठक्' आवाज येतो आणि मग ट्रॉली हलते, तो ठक् म्हणजे प्ले.

मालकाला वाटतं, प्ले अजिबातच नको. पिन घट्ट बसली की काम चोख. इथं माझं आणि त्यांचं बिनसतं. ट्रॅक्टर बांधावरून उतरताना एका कुशीवर कलतो तेव्हा ट्रॉली अजून सपाट जमिनीवर असते. कडीला त्या वेळी पिनेभोवती थोडं डोलता आलं पाहिजे. भोक पिनेच्या मापाला अगदी चिकटून केलं तर तो पीळ दांडीत जातो, दांडीतून चेसीसमध्ये, आणि चार महिन्यांनी वेल्डिंग उकलून ट्रॉली परत माझ्याच दारात. म्हणून तीस मिलिमीटरच्या पिनेला मी तेहतीसचं भोक ठेवतो आणि भोकाच्या दोन्ही ओठांना आतून गोलाई देतो. डबल ट्रॉलीला तर थोडा प्ले कामालाच येतो, कारण दोन्ही ट्रॉल्यांचं वजन एका क्षणी अंगावर येत नाही. आधी पहिली हलते, मग दुसरी. पूर्वी बैलगाडीचं जू धुरीला दोरानं बांधायचे, खिळ्यानं ठोकत नसत. बैल मान हलवतो, गाडी खड्ड्यात जाते, मधला दोर दोघांचंही सांभाळून घेतो. आमच्या आज्यांना व्हर्नियर ठाऊक नव्हता, पण ढील कुठं ठेवायची ते ठाऊक होतं.

पिनेच्या बाबतीत मी स्वतः एकदा माती खाल्ली आहे. दुकान नवं होतं, अंगात रग होती. एका वाहनमालकानं तीच मागणी केली, कधी मोडणार नाही अशी पिन. माझ्याकडे जुन्या ट्रकच्या एक्सलचा तुकडा पडलेला होता. कडक लोखंड, लेथवर टूल घासून जायचं. त्याची पिन केली, दाखवायला वरून रंगही मारला. दोन महिने सगळीकडे माझं नाव झालं. मग जानेवारीतल्या एका रात्री मुळा कालव्याच्या पुलाचा चढ चढताना दोन ट्रॉल्यांमधली पिन खट्कन तुटली. वाकली नाही, आधी कुरकुरली नाही. काचेसारखी तुटली. मागची ट्रॉली उसासकट उलटी घरंगळत आली आणि शेजारच्या कांद्यात शिरून थांबली. मागे दुचाकी नव्हती, पायी कुणी नव्हतं, एवढंच नशीब. मला रात्री दोनला उठवून नेलं. बॅटरीच्या उजेडात तुटलेली पिन हातात घेतली तर तुटीचा निम्मा भाग गंजून काळा पडलेला होता आणि उरलेला निम्मा नवा, दाणेदार, पांढरा. म्हणजे चीर कित्येक दिवसांची होती. कडक लोखंडानं ती पोटात ठेवली होती.

तेव्हापासून पिन ईएन ८ च्या बारची. फार मऊ नाही, फार कडक नाही. जास्त झालं तर ती आधी वाकते आणि वाकलेली पिन भोकातून निघायला त्रास देते. त्रास दिला की ड्रायव्हर शिव्या देत माझ्याकडे येतो. यावंच त्यानं. बांधकामाचा गज कापून पिन म्हणून घालणारे अजून आहेत, त्यांच्याशी मी भांडतो. आणि पिनेच्या जोडीला साखळी लावल्याशिवाय मी डबल ट्रॉली दुकानातून सोडत नाही. दांडीपासून हुकाच्या पाटापर्यंत, वळणाला ताण बसणार नाही एवढी सैल. साखळीचे पैसे वेगळे सांगितले की लोक नको म्हणतात, म्हणून ते कडीच्या बिलात घालतो. ही चोरी मी कबूल करतो.

हूक किती उंचीवर, यावर मात्र घासाघीस नाही. चारचाकी ट्रॉलीची दांडी पुढच्या टर्नटेबलला बिजागरीवर असते, ती हुकावर वजन टाकत नाही, नुसती ओढ टाकते. दोन चाकांची ट्रॉली हुकावर बसते. पण ओढ कोणतीही असो, हूक जितका वर, तितकी चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. ओढीची रेघ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभा राहायला बघतो आणि ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही. म्हणून टॉपलिंकच्या जागी साखळी अडकवून काही ओढायचं नाही, अडकलेली जीपसुद्धा नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनंच.

पोरांना घेऊन नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीत अजून 'नगर, नगर' असंच ओरडतात. पोरं तोफांची नळी मोजत होती आणि मी वाकून रणगाड्यांची नाकं बघत होतो. एवढं चिलखत, एवढं इंजिन, आणि तरी नाकावर ओढून नेण्याचे दोन हूक, चेसीसलाच जोडलेले, खाली. हा पण एक दिवस बंद पडणार आणि कुणीतरी टोचन करून नेणार, हे बनवणाऱ्यानं कागदावरच मान्य केलेलं. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे हे मान्य करत नाहीत.

आता दिव्याचं. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचं गोल सॉकेट कंपनीतूनच येतं. बहुतेक ठिकाणी त्याच्या झाकणात कुंभारमाशीनं घर केलेलं असतं. पिवळी वायर डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी उजव्या टेललॅम्पची, काळी डाव्याची, निळी जादाच्या दिव्याची आणि पांढरी अर्थची. एका गिऱ्हाइकाचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथं त्यानं बोटीसाठी छोटा ट्रेलर घेतला. गाडीमागे हूक नाही, दोन इंची गोळा, त्यावर टोपी बसते. वडिलांनी फोनवर फोटो दाखवला. जोडणी चारच वायरींची, प्लग चपटा, पण पांढरी तिथंही अर्थचीच. मला फार बरं वाटलं.

सगळा खेळ त्या पांढरीचा आहे. लोक ती लावतच नाहीत. म्हणतात, लोखंडातून अर्थ येतोच की, कडी-पिनेतून. येतो, पण कडीत ढील आहे, ग्रीस आहे, गंज आहे, आणि खड्ड्यागणिक संपर्क तुटतो. जी ढील ओढायला लागते तीच विजेला चालत नाही. मग गंमत होते: ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो. करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बातून फिरून जातो. ड्रायव्हर म्हणतो, वायरिंगला भूत लागलंय. मी पांढरी वायर सॉकेटपासून शेवटच्या दिव्यापर्यंत स्वतंत्र ओढतो, टोकाला चेसीसवरचा रंग पितळ घासावं तसा खरवडतो, लग घालून बोल्ट आवळतो. भूत उतरतं.

आणि बारीक वायर. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत पंधरा मीटर धरा, जाऊन-येऊन तीस. दोन्ही ट्रॉल्यांचे एकवीस वॉटचे चार ब्रेकबल्ब म्हणजे सात अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत दीड-दोन व्होल्ट वाटेतच जिरतात आणि मागचा दिवा निम्म्या उजेडावर येतो. लोक तर त्याहून बारीक घालतात. मी अर्थला अडीचची घालतो आणि दिवे एलईडीचे सुचवतो, ते खातातच कमी. वायरीची लांबी वळण घेऊन ठरवायची. कमी झाली तर कारखान्याच्या यार्डात पहिल्याच वळणाला तुटते, जास्त झाली तर रस्त्यावर घासते. मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून झोळ वर उचलून धरायचा, याच्यापेक्षा चांगली स्प्रिंग मला अजून मिळालेली नाही.

दर हंगामात रिफ्लेक्टर लावायची मोहीम होते, चांगलंच आहे. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याच्या उजेडावर जगतो आणि आपल्याकडे मागून येणाऱ्या सगळ्याच गाड्यांचे दिवे धड असतात असं नाही. त्यात उसाचं वाढं मागे लोंबत असतं. म्हणून दिवे मी फाळक्यावर नाही, चेसीसच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर पाइपाच्या गार्डमध्ये बसवतो.

प्लगच्या बाबतीत शिकाऊ असताना मार खाल्ला होता. सॉकेट समोरून आणि पाठीमागून बघताना डावं-उजवं आरशासारखं उलटतं. ते विसरून मी सगळा प्लग उलटा भरला होता. म्हणून आजही दुकानातून निघण्याआधी तपासणी होते. परवा अंधार पडल्यावर एक डबल ट्रॉली तयार झाली. ड्रायव्हर सीटवर, मी सॉकेटपाशी, आणि मागे उभं राहायला कुणी नव्हतं म्हणून त्याच्या टोळीतली दहा-बारा वर्षांची पोरगी, पाथर्डीकडची, पळत गेली.

"डावा?" ड्रायव्हर ओरडला.

"लागला!"

"उजवा?"

"लागला, मामा!"

"ब्रेक?"

बराच वेळ आवाज नाही. मी प्लग दाबला, झाकण वर केलं, पांढरी वायर चाचपली. मग तिचा आवाज आला, "मामा, दाबा ना पुन्हा. आत्ता लई लाल झालं होतं, माझे हात पण लाल दिसत होते."

त्यानं पुन्हा दाबला.