इंद्रायणीकाठचे निघोजे

निघोज म्हटले की पारनेरकडचे रांजणखळगे आठवतात. हे निघोजे निराळे. खेड तालुक्यातले, चाकणच्या नैर्ऋत्येला, इंद्रायणीच्या काठचे. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी.

काठावरून वर चालत जा. काळी जमीन मागे पडते, मुरमाड माळ लागतो आणि मग कारखान्यांच्या भिंती. निघोजे-म्हाळुंगेच्या शिवारात २००९ साली फोक्सवॅगन या जर्मन मोटारींचा कारखाना सुरू झाला. महिंद्राचाही कारखाना याच शिवारात आहे. माळ गेला याचे लोक फारसे वाईट मानत नाहीत. काळी राहिली पाहिजे, असे मला वाटते.

गावचा बंधारा जरूर पाहा. मावळातल्या आंद्रा धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे इथवर येते. पिंपरी-चिंचवड महापालिका ते इथून उचलते आणि चिखलीला शुद्ध करून शहराला पाजते. याच नदीत गावांचे, शहराचे, कारखान्यांचे सांडपाणीही उतरते. खाली आळंदीला तर पात्रावर फेस तरंगतो. शहराला शुद्धीकरण केंद्र आहे. काठच्या शेतकऱ्याने मोटार सुरू केली, की नदीचे पाणी आहे तसेच सरीत येते. बाटलीभर पाणी आणि किलोभर माती प्रयोगशाळेत तपासून घ्या, असे मी तिथे भेटेल त्याला सांगतो.