नवेगावचं पाणी कुणी राखलं

कोहमाऱ्याला नागपूर-रायपूर महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताच्या बांध्या लागतात, आणि बांध्यांच्या वरच्या बाजूला कुठे ना कुठे तलावाची मातीची पार दिसते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे मामा तलाव, 6 हजारांहून अधिक आहेत. नवेगाव बांध हा याच कुळातला थोरला तलाव. सुमारे 11 चौरस किलोमीटर पाणी, भोवती टेकड्यांचं कडं आणि काठावर गाव. इथे येणारा पर्यटक सहसा दोन गोष्टी ऐकून आलेला असतो. पहिली कोलू पाटलाची. कोहळी समाजातल्या या पाटलाने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला टेकड्यांमधली वाट मातीने बुजवून पाणी अडवलं, आणि पुढे लोकांनी त्याला कोलासूर म्हणून देवपण दिलं. दुसरी गोष्ट पक्ष्यांची. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे ती घरोघर पोचली. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण एकीत तळं बांधणारा आहे, दुसरीत तळं पाहणारा. मधली पिढ्यान् पिढ्या ते रोज वापरणारी माणसं दोन्हींत मागे राहतात. माझं म्हणणं असं की तळं टिकवलं ते त्यांनी, आणि टिकवलं ते वापरून.

हे म्हणणं भावनेतून येत नाही, मातीच्या तलावाच्या स्वभावातून येतं. मातीची पार बांधल्या दिवसापासून तलावाला गाळाचा धोका असतो. दर पावसाळ्यात टेकड्यांवरून माती उतरते, पोट भरत जातं, उथळ पाण्यात वनस्पती माजतात. कुणी हात लावला नाही तर काही पिढ्यांत त्याची दलदल होते. झाडीपट्टीत, म्हणजे या चार जिल्ह्यांच्या मुलखात, तसं झालं नाही, कारण तलावाच्या प्रत्येक थराला कुणीतरी गिऱ्हाईक होतं. भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली आणि धान पोटरीवर असलं की कोहळी आणि कुणबी कास्तकारांना तुडुमातून, म्हणजे पारीतल्या पाणी सोडायच्या तोंडातून, पाणी हवं असे. म्हणून तुडुम, पाट आणि जादा पाणी काढून देणारी सलंग यांची डागडुजी पावसाआधी व्हायची. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या पोटातला गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत जायचा. तो खत होता, म्हणून कुणाला सांगावं लागत नसे. काठाच्या ओलीवर गाळपेर व्हायची, गुरं चरायची, कुंभार माती न्यायचा. ढीवर मासे धरत, शिंगाडा लावत, कमळाचे कंद काढत, आणि हे करताना माजलेल्या वनस्पतींची विरळणी आपसूक होई. गुरांच्या खुरांनी तळ खुंदला जाई आणि त्यांच्या शेणावर पुढच्या पावसात पाणवनस्पती वाढत. त्या वनस्पतींत मासे अंडी घालत. यातलं एकही काम तलावाच्या संवर्धनासाठी म्हणून केलं जात नव्हतं. पोटासाठी केलेल्या कामांची बेरीज संवर्धनाइतकी होत होती.

गावाचं वर्षही पाण्याच्या चढउतारावर बेतलेलं असे. पावसाळ्याच्या मोठ्या सरींत सलंगीवरून पाणी पडू लागलं की मासे प्रवाहाविरुद्ध चढत, आणि ते धरायला केवळ ढीवरच नव्हे तर अवघं गाव बांबूचे सापळे घेऊन उतरे. पऱ्हे उपटून रोवणी संपेपर्यंत कुणाला उसंत नसे. ढीवर बायका मासळीच्या टोपल्या घेऊन शेजारच्या गावांत जात आणि पैशांऐवजी धान घेऊन परतत. यामुळे ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्या घरातही भात शिजत असे. कापणी झाली की दिवाळीनंतर मंडई भरे, रात्री दंडार आणि नाटकं रंगत. झाडीपट्टीची रंगभूमी आजही धान घरात आल्यावरच का बहरते, याचं उत्तर पंचांगात शोधण्यापेक्षा तलावाच्या पाण्यात शोधावं. धान निघालेल्या बांध्यांतल्या ओलीवर लाखोळी येई, आणि तिच्या मागोमाग मोहाचे दिवस. गोंड कुटुंबांचा उन्हाळा जंगलात जाई, पण गुरं मात्र तळ्यावरच येत.

हे सगळं तोंडी चालत नव्हतं. पाणी, चराई, मासळी यांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक या गावच्या हक्कनोंदींत नोंदलेल्या असत. 1951 साली तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे राज्यं बदलली, 1960 नंतर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: जुन्या व्यवस्थेचं गुणगान म्हणजे जमीनदारीचं गुणगान. पारीवरची माती वाहणाऱ्यांत वेठीने आलेले होते, पाण्याचा पहिला मान पाटलाच्या उसाला आणि धानाला होता, आणि मासे धरणारा ढीवर उतरंडीत खालीच राहिला. हे सारं खरं आहे. मालगुजारी गेली ते न्याय्यच झालं आणि तिच्यासाठी एक अश्रूही ढाळायला नको. पण मालकी आणि देखभाल या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कायद्याने मालक बदलला. त्या जागी आलेल्या खात्यांपैकी एकाकडे पाणी गेलं, दुसऱ्याकडे मासळीचा ठेका, तिसऱ्याकडे काठाचं जंगल. गाळ मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही. पाणीपट्टी भरणारा शेतकरी तुडुमाची दुरुस्ती आपली मानेनासा झाला, आणि त्याचं तसं मानणं चुकीचं म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की तलाव उथळ झाले त्याला खाती नव्हे, काळ जबाबदार आहे. लोकसंख्या वाढली, टेकड्या उघड्या पडल्या, याच परिसरात इटियाडोह धरणाचे कालवे आले, रासायनिक खत आल्यावर गाळाची गरज उरली नाही. यातलं प्रत्येक कारण खरं आहे, तरी या सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने झाला: तलावाची गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. कालव्याच्या पाण्यावर धान करणाऱ्याला तुडुमाची काळजी उरली नाही, युरिया टाकणाऱ्याला गाळाची. 1975 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वन्यजीवांसाठी ते हवंच होतं, पण उद्यानातल्या जंगलात चराई आणि गवत कापणं बंद झालं. मासळीच्या सहकारी संस्थांनी ढीवरांना ठेक्याचा हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. मात्र ठेक्याची रक्कम वसूल व्हायची तर लवकर वाढणारे रोहू, कटला, मृगळ सोडणं आलं. गवताळ काठावर अंडी घालणाऱ्या लहान देशी माशांची जागा आक्रसली, आणि रिकाम्या काठावर बेशरम ही माजणारी झुडपं पसरली.

माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट आधार अलीकडचा आहे. गेल्या दोन दशकांत अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या काही गावांत ढीवर स्त्रियांनी एका स्थानिक संस्थेच्या साथीने तलाव पुन्हा हातात घेतले. त्यांनी बेशरम मुळासकट उपटली, उन्हाळ्यात कोरडं पोट नांगरलं, आणि कोणत्या माशाला कोणती पाणवनस्पती लागते हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जाणून घेऊन ती लावली. त्या तलावांत देशी मासे आणि पक्षी दोन्ही वाढल्याचं दिसलं. म्हणजे पर्यटक ज्या पक्ष्यांसाठी येतो, त्यांचं खाद्यही माणसांच्या वापराशी बांधलेलं होतं. महाराष्ट्रात आता फक्त याच भागात तग धरून असलेला सारस तर धानाच्या बांधीत घरटं करतो. याउलट 2017 पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ पुन्हा शेतात जाऊ लागला, हे स्वागतार्ह असलं तरी यंत्राने एका उन्हाळ्यात सरसकट खोल खणलेल्या तळात उथळ काठ उरत नाही, आणि उथळ काठाशिवाय देवधान म्हणजे रानभात, गवत, माशांची अंडी, चराई यांतलं काहीच उरत नाही. बैलगाडीने हळूहळू नेलेला गाळ आणि पोकलेनने उपसलेला गाळ यांची घनमीटरमध्ये तुलना करणाऱ्या कागदावर हा फरक दिसत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने मासे, चराई आणि पाणवठ्यांच्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. जंगलाला लागून असलेल्या तळ्यांसाठी हा दावा करताना गावांनी फक्त मासळी मागून थांबू नये. कोणते मासे सोडायचे, काठ कुठे खणायचा आणि कुठे नाही, उन्हाळ्यात किती पाणी राखायचं, हे ठरवण्याचा अधिकारही त्याच कागदावर लिहून घ्यावा, आणि तो ठराव करणाऱ्या ग्रामसभेत टोपली घेऊन फिरणाऱ्या ढीवर बाईची सही असावी.