साच्याबरोबर काय जातं?

मोल्ड चेन-पुलीला लावून बघितल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. त्यातून निघणारी वस्तू तळहातावर मावते, पण मोल्ड स्वतः दोन माणसांना जागचा हलत नाही. भोसरीच्या आमच्या पट्ट्यात 'साचा' हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. मोल्ड म्हणतात, जुनी माणसं डाय म्हणतात. आणि वर्कशॉपमध्ये रांगेने मांडलेले हे मोल्ड बहुतेक वेळा वर्कशॉपवाल्याचे नसतात. पैसे गिऱ्हाइकाने भरलेले असतात. आम्ही ते सांभाळायचे, मशीनवर चढवायचे, माल काढून द्यायचा. गिऱ्हाइकाचं एक पत्र आलं की मोल्ड टेम्पोत चढतो आणि जातो.

या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर मला जो छंद लागला, तोही साच्यांचाच निघाला. प्लास्टिकचे, शिशाचे, इंचभर उंचीचे सैनिक गोळा करायचा. विलायतेत आणि अमेरिकेत हे सैनिक टेबलावर मांडून, फूटपट्टी आणि फासे घेऊन, नियमांनी लढाया खेळतात. शाळकरी मुलं खेळतात तसेच पिकल्या केसांचे लोकही. एच. जी. वेल्सने १९१३ साली या खेळावर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. १९६२ मध्ये साउदॅम्प्टनच्या डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' आलं आणि छंद घरोघरी गेला. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे ठेवतात, त्याचंच हे दूरचं भावंड. मावळ्याच्या डोक्यापासून खांद्यापर्यंत एक बारीक रेघ असते, ती पाहिलीत? दोन अर्धे साचे जिथे मिळतात तिथली ती रेघ. आमच्या भाषेत पार्टिंग लाइन. इंग्लंडातल्या प्लास्टिकच्या शिपायाच्या अंगावरही ती असतेच.

ते प्लास्टिकचे शिपाई मुख्यतः एअरफिक्सचे. ही कंपनी १९३९ साली निकोलस कोव्ह या हंगेरियन माणसाने लंडनमध्ये काढली. सुरुवातीला हवा भरायची खेळणी, मग १९४७ च्या सुमारास इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र आणून कंगवे. कंगव्यांनंतर ट्रॅक्टरचं एक मॉडेल, १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' जहाज, पुढे विमानं. १९५९ पासून खोक्यात भरलेले छोटे सैनिक येऊ लागले. पॉलिथीनचे, मऊ, स्वस्त. धातूचे सैनिक ज्यांना परवडत नव्हते त्यांना एकदम पलटणीच्या पलटणी मिळाल्या. नेपोलियनच्या काळचे सैनिक बाजारात नव्हते, तेव्हा लोक अमेरिकन यादवीतले शिपाई घेऊन ब्लेडने आणि तापवलेल्या सुईने त्यांना फ्रेंच करत. रंग मात्र टिकत नसे. पॉलिथीनवर रंग धरत नाही. शिपायाची बंदूक जरा वाकली की पापुद्रा निघे. हे वाचताना मला हसू आलं होतं, कारण पॉलिथीनवर छपाई करायची म्हणून एका गिऱ्हाइकाने आमचाही असाच जीव खाल्ला होता.

खरा किस्सा त्यानंतरचा आहे. १९८१ मध्ये एअरफिक्स बुडाली. अमेरिकेच्या जनरल मिल्सने आपल्या पालिटॉय या ब्रिटिश कंपनीमार्फत ती घेतली आणि साचे खाडी ओलांडून फ्रान्सला, कॅलेच्या कारखान्यात गेले. १९८६ मध्ये हंब्रॉलने नाव विकत घेतलं. साचे नॉर्मंडीत, हेलर या फ्रेंच मॉडेल कंपनीच्या कारखान्यात. नाव इंग्रजी, कचेरी इंग्लंडात, पोलाद फ्रान्समध्ये. २००६ मध्ये हेलर अडचणीत आली, माल यायचा थांबला आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर हंब्रॉलही कोसळली. नोव्हेंबरात खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॉर्नबीने एअरफिक्स घेतली. हॉर्नबीचं स्वतःचं उत्पादन नव्वदच्या दशकाच्या शेवटी चीनकडे वळलेलंच होतं. पुढे एअरफिक्सच्या कित्येक खोक्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं दिसू लागलं : मेड इन इंडिया.

असा एक खोका माझ्या भाच्याने परदेशातून येताना माझ्यासाठी आणला. इथे तयार झालेला माल विलायतेला जाऊन, तिथल्या दुकानातून विकत घेतला जाऊन पुन्हा इथे आला होता. भाचा म्हणाला, "मामा, किती अभिमानाची गोष्ट ना?" मी हो म्हटलं. पण डोक्यात वेगळंच चालू होतं. हे काम आपल्याकडे आलं, म्हणजे कुठून तरी गेलं. आणि काम जातं तेव्हा काय होतं, ते मी पाहिलेलं होतं.

२००८ साली आमच्या एका गिऱ्हाइकाने आपले नऊ मोल्ड उचलले. त्यांनी दुसऱ्या देशात उत्पादन न्यायचं ठरवलं होतं. दर नगामागे काही पैशांचा फरक पडत होता, आणि लाखांत नग काढणाऱ्याला तो फरक दिसतोच. भांडायला जागा नव्हती. मोल्ड त्यांचेच होते. एका शनिवारी ते गेले आणि वर्कशॉपच्या मधोमध रिकामी फरशी राहिली, तेलाचे नऊ चौकोनी डाग असलेली. महिन्याभरात अकरांपैकी सहा माणसांना घरी बसवावं लागलं. त्यात आमचे मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. वीस वर्षं त्या मोल्डची देखभाल त्यांनीच केली होती. हिशेब घेताना ते एवढंच म्हणाले, "साहेब, त्या झाकणाच्या मोल्डला पावसाळ्यात रोज पुसून तेल लावायला सांगा तिकडे. गंज लगेच धरतो."

दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. झाकणाच्या एका बाजूला फ्लॅश येतो आहे, म्हणजे प्लास्टिक फटीतून बाहेर सांडून कडेला पापुद्रा धरतो आहे. तिकडच्या लोकांनी प्रेशर कमी केलं तर नग अर्धवट भरतो. वाढवलं तर पापुद्रा. ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर आहे. मला कारण माहीत नव्हतं. ते मामांनाच माहीत असणार होतं.

मामांना फोन करायची मला लाज वाटत होती. ज्याला कामावरून कमी केलं, त्याला त्याच कामाची किल्ली मागायची. शेवटी राजगुरुनगरला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा होईपर्यंत काही बोलू दिलं नाही. मग ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डाव्या बाजूच्या इन्सर्टखाली मी एक पातळ शिम टाकली होती. तिकडे मोल्ड खोलून साफ केला असेल, तेव्हा कचरा म्हणून फेकली असेल."

"मग सांगू त्यांना?"

"सांगा की. मोल्डचा काय दोष? आणि तिकडच्या पोराचा तरी काय दोष? त्याला रोज शिव्या पडत असतील."

वहीच्या कागदावर त्यांनी पेन्सिलने शिम कुठे टाकायची ते काढून दिलं. जाडी लिहिली, कोपऱ्यात बाण काढला. त्या कागदाचे कुणी पैसे दिले नाहीत. मी मागितले होते. उत्तर आलं नाही.

छंदात पडल्यावर मला कळलं की अशी न लिहिलेली शिम प्रत्येक स्थलांतरात हरवते. धातूच्या सैनिकांचं तर आणखी नाजूक. मूर्तिकार पुटीची एक मूर्ती घडवतो, ती रबराच्या दोन चकत्यांत दाबून उष्णतेने रबर पक्कं करतात, आणि तो साचा गरगर फिरवत त्यात वितळलेला धातू ओततात. रबराचा साचा झिजतो, टाकून द्यावा लागतो. म्हणून पहिल्या मूर्तीपासून काढलेल्या उत्तम प्रती, मास्टर, जपून ठेवतात आणि नवे साचे त्यांच्यावरूनच करतात. धातू थंड होताना किंचित आकसतो. मास्टर न मिळता नुसत्या विक्रीच्या प्रतीवरून साचा केला, तर नवा शिपाई जुन्यापेक्षा जरासा लहान निघतो, चेहराही बोथट. एकाच पलटणीत उभे केले की फरक दिसतो. पेनसिल्व्हेनियातली ग्रेनेडियर कंपनी १९९६ मध्ये बंद झाली आणि तिच्या मूर्ती पुढे इटलीतल्या मिर्लिटनकडे मिळू लागल्या. अशी श्रेणी देश बदलते, तेव्हा जाणकार पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा नसतो. मास्टर गेले का, हा असतो.

छंदातल्या लोकांची एक तक्रार मला टोचते. उत्पादन पूर्वेकडे गेलं की कडेला पापुद्रा दिसला रे दिसला, की तिथल्या कामगाराचा हात वाईट असं म्हणून मोकळं व्हायचं. पन्नास वर्षांचं पोलाद लाखो वेळा उघडून मिटलं की त्याच्या कडा गोल होतात. अशा मोल्डमधून लंडनमध्ये माल काढला तरी पापुद्रा येईल. त्याच्या चाव्या लंडनच्या कुठल्याशा मिस्त्रीला माहीत असतील, तो १९८१ मध्ये घरी बसला असेल. कॅलेच्या माणसाने त्या नव्याने शोधल्या असतील, मग नॉर्मंडीच्या, मग आपल्या. प्रत्येकाने शून्यापासून. आणि प्रत्येकाला गिऱ्हाइकाने विचारलं असेल, आधी तर बरा निघत होता?

अभिमानाबद्दल भाच्याला मी पुढे कधी काही बोललो नाही. अभिमान खोटा नाही. कुणा मुलीने, कुणा मुलाने आपल्या इथल्या मशीनवर तो रनर काढून, तपासून पिशवीत भरला. मी तो जुळवताना बारकाईने पाहिला. एका पंखाच्या कडेचा पापुद्रा कुणीतरी ब्लेडने हलकेच काढलेला दिसत होता. ते काम कुठल्या ड्रॉइंगमध्ये लिहिलेलं नसतं.

आता आमच्याकडे तीनच मशीन आहेत. दुसऱ्यांचे मोल्ड येतात आणि जातात. पण एक पद्धत मी घातली आहे. प्रत्येक मोल्डबरोबर एक वही असते, प्लास्टिकच्या पिशवीत, लोखंडी पेटीत. कुठली शिम, कुठला पाना, सकाळचे किती नग फेकून द्यायचे, गंज कुठे धरतो. मोल्ड गेला की वहीही जाते. गिऱ्हाइकं विचारतात, हे फुकट का देता? पुढच्या माणसाची भाषा मला येत नसेल, म्हणून चित्रं काढतो. मामा अजून अधूनमधून येतात आणि वह्या तपासतात. परवा त्यांनी एका पानावर बाण खोडून दुसरीकडे काढला.