तेरा फुटांचं भांडण

२०१९चा उन्हाळा मी ओहायोतल्या मेसन गावी मुलाकडे काढला. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जायचे ते दिवेलागणीला दमून परत यायचे. घरात दिवसभर आम्ही दोघंच : मी आणि चौदा वर्षांचा नातू. आणि नातवाच्या डोक्यात एकच विषय : किंग्ज आयलंडमध्ये नवा रोलर कोस्टर कोणता येणार?

किंग्ज आयलंड हे मेसनमधलंच अम्यूझमेंट पार्क. १९७२ साली सुरू झालेलं. तिथे १९७९ पासून जंगलातून धावणारा ‘द बीस्ट’ नावाचा लाकडी कोस्टर आहे, तेव्हा ७,३५९ फूट लांब. लाकडी कोस्टरांत त्याच्याएवढी लांबी जगात दुसऱ्या कुणाची नाही, हे मला पहिल्याच दिवशी चहाबरोबर ऐकवलं गेलं. नातवाची ही आवड मला ठाऊक होती. आधी एकदा सुट्टीत पुण्याला आला होता तेव्हा त्याला ना सिंहगड हवा होता, ना शनिवारवाडा. खोपोलीच्या इमॅजिकातलं ‘नायट्रो’ बघायचं होतं. कारण काय, तर ते ‘बोलिगर अँड मॅबिलार्ड’ या स्विस कंपनीनं बनवलंय. कोस्टरवेडे तिला नुसतं ‘बी अँड एम’ म्हणतात. आमच्या पिढीत क्रिकेटची बॅट कुणाची आहे हे जितक्या भक्तीनं विचारलं जायचं, तितक्याच भक्तीनं हा पोरगा रुळांची कंपनी विचारतो.

पार्कमधला ‘फायरहॉक’ हा कोस्टर २०१८च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला होता. त्यात माणसं पालथी, उडाल्यासारखी जात. मुळात तो ओहायोतल्याच जिओगा लेक पार्कमधला. २००७ साली तिथून उचलून इथे आणलेला. तो गेला आणि एवढी मोठी जागा मोकळी झाली. पार्कवाले काही बोलत नव्हते. मग बोलायचं काम बाकीच्यांनी अंगावर घेतलं.

त्यामागे जुनी सलही होती. ३०० फुटांपेक्षा उंच कोस्टरला हे लोक ‘गिगा’ म्हणतात. हा प्रकार २००० साली याच राज्यातल्या सीडर पॉइंट पार्कमध्ये ३१० फुटी ‘मिलेनियम फोर्स’पासून रूढ झाला. किंग्ज आयलंड २००६ पासून ज्या सीडर फेअर कंपनीकडे होतं, तिच्या इतर पार्कांना एकेक गिगा मिळत गेला. २०१० साली व्हर्जिनियात, २०१२ साली कॅनडात आणि २०१५ साली कॅरोलायनात ३२५ फुटी ‘फ्युरी’. मेसनकरांच्या पानात मात्र अजून काही पडलेलं नव्हतं. “सगळ्यांना दिलं आणि आम्हालाच नाही,” असं नातू म्हणायचा, तेव्हा मला आमच्या तालुक्याला कालव्याचं पाणी मिळालं नव्हतं तेव्हाची भाषणं आठवायची.

मी त्यात पडायचं काही कारण नव्हतं. पाळण्यात बसलं तरी मला घेरी येते. पण एके दुपारी त्यानं लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. “आजोबा, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत ना? मग हे वाचून सांगा.”

पडद्यावर नकाशा होता. पायांचा नकाशा, ज्याला आम्ही साइटवर फुटिंग प्लॅन म्हणायचो. मेसनच्या नगरपालिकेकडे बांधकामासाठी दाखल झालेले कागद होते ते. तिथे असे कागद सार्वजनिक असतात. कुणीही अर्ज करून मागू शकतो. मी पोहोचण्याआधीच ते फॅन मंडळींच्या हाती लागले होते आणि त्यांचा कीस पाडून झाला होता. मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. धरणं, सांडवे, कालव्यांच्या मोऱ्या. कोस्टर कधी काढला नव्हता. पण पाया तो पाया. वर काय उभं राहणार आहे ते पाया लपवू शकत नाही.

मी चष्मा पुसला आणि बसलो. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, पुढे पुढे मोठे होत जाणारे पाये म्हणजे चढ. त्यावरून साखळी गाडी ओढून नेणार. जिथे एका खांबाऐवजी दोन पाय फाकवून उभे आहेत आणि त्यांच्यातलं अंतर भरपूर आहे, तिथे उंची जास्त. वळणावर पाये बाहेरच्या अंगाला सरकले असतील तर गाडी तिथे जोरात असणार, खांबाला बाहेर रेटणार. शेवटी जवळजवळ, सारखे, बुटके पाये : इथे ब्रेक. नातू तोंड उघडं टाकून ऐकत होता. नोकरीत कुण्या साहेबानं माझं इतकं ऐकलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, “लांबी किती?” मी सुनेच्या शिवणाच्या डब्यातून दोरा आणायला सांगितला. नकाशा कागदावर छापून घेतला, टेबलावर चिकटवला, आणि रुळाच्या मधल्या रेषेवरून दोरा बसवत गेलो. वळणावर बोटानं दाबून धरायचा, पुढे सरकवायचा. नकाशातल्या स्केलनं दोरा मोजला. पण नकाशावर वरून पाहिलेली लांबी मिळते. चढ-उताराची तिरकस लांबी त्यात येत नाही. ती शेजारच्या सेक्शनवरून, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रावरून, टप्प्याटप्प्यानं काढून मिळवली. सगळं मिळून सव्वापाच हजार फुटांच्या थोडं पुढे आलं. नातवाचा चेहरा उतरला. फ्युरी ६,६०२ फूट आहे. “म्हणजे छोटी!” तो म्हणाला. मी म्हटलं, दोरा खोटं बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला त्याच्या मंडळींसमोर उभं केलं. पार्कचा सीझन पास सगळ्यांकडे असल्यामुळे त्यांचा कट्टा पार्कातच भरायचा. एक शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे मास्तर, एक अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ, दोघी बहिणी, आणि उन्हाळ्यापुरती पार्कच्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर काम करणारी कॉलेजातली मुलगी. कामावर घेतलेल्यांनी अशा गोष्टी बोलायच्या नाहीत, असा नियम असावा. कारण ती काही म्हणजे काही बोलायची नाही. मंडळी तिच्या गप्प राहण्यावरूनही अंदाज बांधायची. कुणी ‘फ्लाइंग कोस्टर’ म्हणालं की ती सरबतात बर्फ घालत राहायची. कुणी ‘गिगा’ म्हणालं आणि तिनं वर पाहिलं, तर त्याची नोंद व्हायची. बिचारी कदाचित पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहत असेल.

अंदाज म्हणजे नुसत्या थापा, असं मला तोवर वाटायचं. या लोकांची पद्धत पाहिली आणि मत बदललं. प्रत्येक जण आपल्या म्हणण्याला काहीतरी पुरावा आणायचा. अमेरिकेत २०० फुटांपेक्षा उंच काही उभं करायचं तर विमानवाहतूक प्रशासनाला आधी कळवावं लागतं, म्हणून एक बहीण त्या नोंदी चाळायची. मास्तरांनी कागदाच्या पिशवीवर गणित मांडलं : तीनशे फुटांवरून सोडलेली वस्तू घर्षण नसेल तर ताशी पंचाण्णव मैलांच्या आसपास पोहोचेल, चाकांचं आणि वाऱ्याचं वजा केलं की नव्वदीच्या जरासं पुढे. गृहस्थ रोज पार्कमधल्या मनोऱ्यावर जायचे. तिथे आयफेल टॉवरची एक-तृतीयांश मापाची प्रतिकृती आहे, ३१४ फुटी. वरून दुर्बिणीनं कुंपणापलीकडची साइट दिसते. मीही गेलो एकदा. खाली खड्डे खणलेले, त्यांत सळ्यांचे पिंजरे बांधून उभे, काहींत काँक्रीट ओतून वर बोल्टांची वर्तुळं काढून ठेवलेली. बोल्टांच्या जाडीवर मी एक लहानसं व्याख्यान दिलं. परदेशात येऊन मला अशी गिऱ्हाइकं मिळतील असं वाटलं नव्हतं.

बॅटाव्हियाची सहलही झाली. सिनसिनाटीच्या पूर्वेला बॅटाव्हिया नावाचं गाव आहे, तिथे क्लेरमाँट स्टील फॅब्रिकेटर्स हा कारखाना बी अँड एमचे रूळ बनवतो. म्हणजे जगभर जाणारे रूळ आमच्या दारातच घडतात. कारखान्याच्या आवारात तयार तुकडे ठेवलेले असतात आणि ते रस्त्यावरून दिसतात, म्हणून हे भाविक तिथे दर्शनाला जातात. गाडी बाजूला लावून आम्ही कुंपणातून पाहिलं. मालवाहू ट्रकच्या लांबीचे, पिळवटलेले, चकचकीत रंगवलेले तुकडे. खाली चौकोनी पोकळ पेटी, तिच्यावर दोन्ही बाजूंना नळ्यांचे रूळ. एवढं पोलाद असं वळवायचं, आणि साइटवर नेल्यावर बोल्टाला बोल्ट जुळला पाहिजे! मी पंधरा मिनिटं तिथून हललो नाही. बाकीच्यांचा वाद रंगावर चालला होता. काही तुकडे निळे होते. “हे आपलेच,” एक बहीण. “कशावरून? इथे दहा पार्कांचा माल असतो,” दुसरी.

खरं भांडण मात्र पेटलं ते उंचीवरून. कागदांवर कोस्टरची उंची २८७ फूट होती. तीनशेला तेरा कमी. सगळे गिगा गिगा म्हणून वर्षभर नाचले आणि आता हे! मास्तरांनी दाखवलं की पहिला उतार जमिनीच्या पातळीला थांबत नाही, आणखी तेरा फूट खाली, खणलेल्या चरात जातो. म्हणजे उतार पुरे तीनशे फुटांचा. “मग गिगाच,” मास्तर. “उंची म्हणजे जमिनीपासून,” गृहस्थ. “खड्डा खणून उंची वाढवायची तर मी अंगणात खड्डा खणतो आणि घर दुमजली आहे म्हणतो.” दोन तट पडले. नातू मास्तरांकडे. त्या संध्याकाळी जेवताना तो माझ्याकडे वळला : निवाडा तुम्ही द्या.

माझ्या धंद्यात हा प्रश्न रोजचा होता. धरणाची उंची विचारली की आम्ही विचारतो, कुठून? कोयना धरण १०३ मीटर उंच आहे असं पुस्तकात असतं, ती उंची पायाच्या सर्वांत खोल भागापासून असते. नदीच्या पात्रात उभं राहून वर पाहणाऱ्याला तेवढं धरण दिसत नाही; त्यातलं बरंचसं त्याच्या पायाखाली गाडलेलं असतं. म्हणून नकाशावर नुसती उंची आम्ही लिहितच नाही. प्रत्येक बिंदूची आर.एल. लिहितो, म्हणजे ठरवलेल्या एका शून्यापासूनची पातळी. मी त्याला म्हटलं, बाहेरून बघणाऱ्याचं शून्य जमिनीवर आहे. गाडीत बसलेल्याचं शून्य चराच्या तळाशी आहे. गृहस्थांची आणि मास्तरांची, दोघांचीही बेरीज बरोबर आहे. भांडण मापाचं नाही, कुणाच्या जागेवरून मोजायचं याचं आहे. नातवाला हा निवाडा पटला नाही. त्याला जिंकायचं होतं.

१५ ऑगस्टला पार्कनं घोषणा केली. सकाळी आम्ही घरात छोटा झेंडा लावला होता. त्यात ही दुसरी मिरवणूक. नाव : ओरायन. बी अँड एमचा, उंची २८७ फूट, उतार ३०० फूट, वेग ताशी ९१ मैल, लांबी ५,३२१ फूट. जगातला सातवा गिगा, असं पार्कनं जाहीर केलं. नातू उडाला. मास्तरांच्या पिशवीवरचं गणित आणि माझा दोरा, दोन्ही लागले. माझ्या डोक्यात ओरायन म्हटल्यावर आधी लोकमान्य आले, कारण त्यांचं १८९३चं ‘ओरायन’ आमच्या वडिलांच्या कपाटात होतं. वेदांचं वय काढायला त्यांनीही मृग नक्षत्राचाच पुरावा धरला होता. नातवाला सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे तेही अंदाजच करत होते?” लोकमान्यांबद्दल हे असं बोलणं मी ऐकून घेतलं, कारण चूक काय आहे ते मला पटकन सांगता येईना.

घोषणेच्या दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गेलो तर सगळे आनंदात होते आणि थोडे रिकामेही. उत्तर मिळालं की असं होतं. मला तेव्हा जाणवलं की या मंडळींची राइड पार्कच्या फाटकाशी सुरू होत नाही. ती फायरहॉक बंद होण्याच्या बातमीला सुरू झालेली असते. गाडीतली फेरी तीन मिनिटांची, आणि ती पैसे देणाऱ्या कुणालाही मिळते. पण पहिला पाया ओतल्यापासून नकाशा वाचत, मोजत, भांडत जे वर्ष गेलं, ते फक्त यांचंच. त्यांचं शून्य खोल आहे म्हणून त्यांची उंचीही जास्त भरते. मला पाळण्यात घेरी येते तरी मी त्या वर्षाच्या काही महिन्यांचा हकदार आहे, आणि कोस्टरमध्ये न बसताही त्याचा आनंद घेता येतो हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

मी परत आलो. त्याच शरद ऋतूत पार्कनं आणखी एक जुना कोस्टर काढून टाकला, ‘व्होर्टेक्स’, १९८७चा, सहा वेळा उलटं करणारा. पुढच्या वर्षी करोनामुळे पार्क उघडायलाच जुलै उजाडला. आम्ही पुण्यात घरात कोंडलेले. नातवाचा फोन आला : ओरायन निळा आहे, उतार जबरदस्त आहे, चरात शिरताना डोकं आपटेल असं वाटतं. “पण आजोबा, लवकर संपते.” मी म्हटलं, हे तुला दोऱ्यानं आदल्या वर्षी सांगितलं होतं. तो हसला आणि लगेच पुढच्या विषयावर गेला. व्होर्टेक्सची जागा मोकळी पडली आहे. तिथे काय येणार यावर त्याची तेव्हाच तीन मतं तयार होती. कुणीतरी बनवलेली कल्पनाचित्रंही त्यानं पाठवली. मी त्याला कळवलं, चित्रं नकोत. नगरपालिकेत काही दाखल झालं की फुटिंग प्लॅन पाठव, आणि त्यावर स्केल नीट छापून आलंय की नाही ते आधी बघ.